लाल छत्रीवर माझं मत

त्या दुकानात ‘अच्छा’ बोलायला बंदी होती. पाटी वगैरे लावली नव्हती, पण एकदा बोललात की कळायचं. उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात, एका बाजूला भांडीवाला, एका बाजूला दोरे-बटणांवाला, आणि मधे हे बोगद्यासारखं लांबडं दुकान. रेकॉर्डवरची गाणी कॅसेटमध्ये भरून देण्याचं. मालक सिंधी. सगळा बाजार त्यांना साईं म्हणायचा, मीपण साईंच म्हणालो, शेवटपर्यंत.

साईं गिऱ्हाइकाला आधी गाणं ऐकवायचे, मग विचारायचे, कैसा लगा? गिऱ्हाईक बिचारं घाईत म्हणायचं, अच्छा है. झालं. साईंचा चष्मा नाकावरून कपाळावर जायचा.

"अच्छा? अच्छा तो पापड भी होता है. गाणा कसा होता ते बोल."

आणि त्याने काही बोलल्याशिवाय त्याची कॅसेट त्याला मिळायची नाही. धंदा करायची ही पद्धत आहे का? नाही. पण दुकान चाललं. वीस वर्षं चाललं. आता तिथे जीन्सच्या पँटी टांगलेल्या असतात.

मी चौथी शिकलो. पाचवीच्या वर्गात दोन महिने बसलो, ते मी धरत नाही. अंबरनाथला एका कंपनीत ऑईलमन होतो. हातात तेलाची कुपी घेऊन दिवसभर मशिनींमधून फिरायचं, हेच काम. पण शेडमध्ये सगळ्या मशिनी एकदम धडधडत असताना कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय ते मी दारात उभा राहून सांगायचो. शिकलेले साहेब लोक कानाला लांब स्क्रूड्रायव्हर लावून शोधायचे, आणि शोधून शोधून मी सांगितलं त्याच मशिनीपाशी यायचे. ही फुशारकी नाही. आणि असली तरी खरी आहे.

साईंच्या दुकानात मी गेलो तो आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीसाठी. जयंतीच्या कार्यक्रमात आमच्या पार्टीने गायलेलं कुणीतरी टेप केलं होतं, त्याच्या दहा कॅसेट करायच्या होत्या. शुक्रवार होता, कंपनीची सुट्टी. साईंनी टेप लावली, दोन मिनिटं ऐकली, म्हणाले, "पेटीवाल्याचा भात्यावरचा हात जड पडतोय, बरोबर? थकलाय तो."

पेटीवाला माझा चुलतभाऊ. त्या दिवशी त्याला ताप होता. मी बघतच राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या तोडीचा कान भेटला होता!

"तू कोण? काम काय?"

"ऑईलमन."

"मग बस," साईं म्हणाले, आणि आतल्या स्टुलाकडे बोट केलं.

ते स्टूल म्हणजे दुकानाचा गाभारा. तीन पायांचं, लाकडी, आणि खाली फरशीवर खडूने तीन गोल काढलेले. पाय त्या गोलातून हलता कामा नये. बसायच्या आधी माठातल्या पाण्याने कान धुवायचे आणि खुंटीवरच्या पंच्याने पुसायचे. होय, खरोखर धुवायचे. पंखा बंद. पापड नंतर. सिंध्यांच्या घरी पाहुणा आला की आधी पापड-पाणी पुढे येतं, पण साईंकडे पापड गाणं संपल्यावर. "आधी खाल्ला तर कानात कुरकुर राहते," म्हणायचे. वैशाखात तिथे बसलेला माणूस घामाने भिजून निघायचा, पण पाय हलवायचा नाही.

आणि ऐकवायचे काय, तर एक इंग्रजी रेकॉर्ड. गिटार, ढोल, ओरडा, सगळं असलेली. वरच्या कव्हरावर करडी भिंत आणि भिंतीला टेकवून ठेवलेली लाल छत्री. माणूस नाही. साईंनी ती मुंबईला जुन्या बाजारात घेतली होती. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला तर नव्हतंच. "शब्द समजला की माणूस शब्द ऐकतो," ते म्हणायचे, "नाही समजला तर आवाज ऐकतो. ये रेकॉर्ड अपने लिए ही बनी है, भाऊ."

लाल छत्रीवर प्रत्येकाचं मत ते एका लांबड्या वहीत लिहायचे. सिंधी लिपीत, उजवीकडून डावीकडे. लोकांनी काय काय सांगितलेलं होतं! बदलापूरचा एक भातशेतीवाला म्हणाला होता, "हा गडी गात नाय, बांधावरनं कुणाला तरी हाका मारतोय आन् तो वळत नाय." पँटी शिवणारी एक बाई म्हणाली, "बहुत रोया है, लेकिन मुँह धोके आया है." एका शाळामास्तरांनी ‘वाद्यवृंदाची उत्तम गुंफण’ असं काहीतरी सांगितलं. साईंनी त्यांना चहा पाजला आणि परत स्टुलावर बसवलं. "मास्तरजी, ते तुमच्या पुस्तकाने सांगितलं. आता तुमचा कान काय बोलतो?" मास्तर तीनदा बसले. तिसऱ्यांदा म्हणाले, "मला माझी थोरली बहीण आठवली, का ते माहीत नाही." तेव्हा कुठे वही उघडली!

माझी पहिली पाळी. कान धुतले, बसलो. पहिली बाजू संपली, रेकॉर्ड उलटली. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं लागलं. हळू गाणं. आधी नुसती गिटार, मग मोठा ढोल. तो ढोल हाताने नाही वाजवत, पायाने पायडल दाबून वाजवतात. गाणं संपल्यावर साईंनी चष्मा वर घेतला. मी म्हणालो, "तेल पाहिजे."

"क्या?"

"ढोलाच्या पायडलला तेल पाहिजे. कोरडं पडलंय. ठोका पडायच्या आधी चिक करतंय. दर ठोक्याला."

साईं उठून उभे राहिले. दोन्ही हात डोक्यावर. भांडीवाल्याला हाक मारली, बटणवाल्याला हाक मारली. "अरे इकडे या! सगळा उल्हासनगर ऐकून गेला, कोणी बोलला नाही! हा अंबरनाथचा ऑईलवाला बोलला! गोऱ्याच्या पायडलमध्ये तेल नाही!" मला दोन पापड मिळाले. दोन पापड त्या दुकानात कुणालाच मिळत नव्हते.

त्या दिवसापासून दर शुक्रवारी मी तिथे. येणाऱ्या प्रत्येकाला साईं माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "ये वो आदमी है." माझी छाती फुगायची. कंपनीत पगाराच्या दिवशीसुद्धा एवढी फुगली नाही.

साईंचं वेड दुकानापुरतं नव्हतं. बदलापूरच्या त्या शेतीवाल्याला एकदा त्यांना रेकॉर्डची पहिली बाजू पुन्हा ऐकवायची होती, आणि त्याची झोडणी चालू, तो येईना. तर साईंनी रेकॉर्ड प्लेअर गोधडीत गुंडाळला, स्पीकरचे खोके माझ्या डोक्यावर दिले, आणि आम्ही स्टेशनातून टांग्याने त्याच्या गावात. लाल छत्री साईंच्या मांडीवर, तान्ह्या पोरासारखी. टांग्याला हादरा बसला की साईं टांगेवाल्याला शिव्या घालायचे, सिंधीत. टांगेवाला आगरीत उलट घालायचा. कुणाला कुणाची कळत नव्हती, म्हणून भांडण वाढलं नाही. शेतीवाल्याच्या ओट्यावर रेकॉर्ड लागली तेव्हा गोठ्यातल्या म्हशीने रवंथ थांबवला आणि कान वळवले. साईंनी माझा हात दाबला. "बघ! बघ! ती पण ऐकते!" परत आल्यावर त्यांनी वहीत म्हशीचंसुद्धा लिहिलं. शप्पथ.

आणखी एक सांगतो, ते महत्त्वाचं आहे. एका शुक्रवारी साईं मला म्हणाले, "भाऊ, कोरड्या पायडलचा आवाज कसा असतो? मला दाखव. असली." मला वाटलं, माझं कौतुक चाललंय. मी म्हटलं, या घरी. माझ्या बायकोकडे पायाने चालवायची शिलाई मशीन होती. मी आठ दिवस तिला तेल घालू दिलं नाही. घरात रोज भांडण.

"कंपनीत पगार घेतात तेल घालायचा," ती शेजारणीला ऐकू जाईल असं बोलायची, "आन् घरच्या मशीनीला मात्र उपास घडवलाय!"

साईं आले. बायकोने मशीन चालवली. चिक, चिक, चिक. साईं जमिनीवर मांडी घालून पायडलला कान लावून बसले. पाव तास. बायको मला डोळ्यांनी विचारत होती, हे बरे आहेत ना? उठताना साईं म्हणाले, "बहेनजी, मेहरबानी. आता आवाज ओळखीचा झाला." मी तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही. लावायला पाहिजे होता.

वहीचंही तसंच. सगळी मतं आधी पेन्सिलीत. मग त्यांतली काही काही साईं निळ्या पेनाने गिरवायचे. शेतीवाल्याचं पेनात. पँटीवाल्या बाईचं पेनात. मास्तरांची बहीण पेनात. अहो, म्हैससुद्धा पेनात! आणि माझं पेन्सिलीत. मला सिंधी येत नाही, पण निळं आणि काळं कळतं. मी एकदा विचारलं, "साईं, माझं पेनात का नाही?"

"पेन की स्याही खतम है."

मी हट्टी माणूस. पायरी उतरलो, स्टेशनरीच्या दुकानातून निळी रिफिल आणली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती गल्ल्याच्या खणात ठेवली. "हा, करतो." केलं नाही. पुढच्या शुक्रवारी नाही, पुढच्या वर्षी नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मागून मान घ्यायची माझी सवय नाही. पण ते मनात राहिलं, पायातल्या काट्यासारखं, चालताना कळत नाही, उभं राहिलं की कळतं.

मग सीडी आली.

साईंचा मुलगा तोवर दुकानात बसायला लागला होता. चांगला पोरगा, लग्न झालेला, धंदा समजणारा. मला काका म्हणायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं: कॅसेट भरायला आता कोण येतं? कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवून घ्यायची आणि इथे विकायची. त्यासाठी त्याला आतली, रेकॉर्डच्या फळ्यांनी भरलेली भिंत पाहिजे होती, आणि स्टुलाची जागा. साईं म्हणायचे, मी मेल्यावर. मुलगा म्हणायचा, बाबा, तोपर्यंत मी म्हातारा होईन.

अशात साईंचा भाचा दुबईवरून आला, आणि येताना लाल छत्रीची सीडी घेऊन आला. तीच गाणी, तीच भिंत, तीच छत्री, कव्हर हाताच्या पंजाएवढं. कंपनीने म्हणे मूळची टेप काढून, धुऊन-पुसून, नव्याने तयार केली होती. साईं तिला हात लावेनात. "मुर्दे को नहला के लाए हैं," म्हणाले. "धुताना सगळं जातं. चिखल पण, चामडी पण."

मुलाने तिथेच पकडलं. "बाबा, तुम्हीच म्हणता ना, ऐकल्याशिवाय बोलायचं नाही? मग ऐकवू लोकांना. मधे पडदा लावू. पडद्यामागे एकदा रेकॉर्ड, एकदा सीडी. अॅम्प्लिफायर तोच, स्पीकर तेच. लोकांना जुनी आवडली तर भिंत तुमची, मी परत नाव काढणार नाही. नवी आवडली तर भिंत माझी."

साईंनी पैज घेतली. घेतली कसली, ओढून घेतली!

रविवारी दुपारी साईंच्या बायकोने, भाभींनी, फुलाफुलांची चादर दिली, ती दुकानात आडवी बांधली. भांडीवाला आला, बटणवाला आला, मास्तर आले, पँटीवाल्या बाई आल्या, बदलापूरचा शेतीवाला नवं धोतर नेसून आला. सगळ्यांनी कान धुतले. पंखा बंद. पडद्यामागे मुलगा. एकेकजण स्टुलावर, दोन्ही वेळा तेच गाणं, दुसऱ्या बाजूचं तिसरं. भांडीवाला म्हणाला, दुसरं जास्त भरीव. मास्तर म्हणाले, पहिल्यात ऊब आहे, दुसऱ्यात खोली झाडून घेतल्यासारखी वाटते. पँटीवाल्या बाई म्हणाल्या, दूसरे में अभी भी पानी टपक रहा है, मुँह पोंछा नहीं. शेतीवाला म्हणाला, "पयल्यात तो बांधावर हाय. दुसऱ्यात माझ्या ओट्यावर आलाय. मला बांधावरचाच बरा." बटणवाला म्हणाला, दोन्ही अच्छा. त्याला सगळे ओरडले.

कुणाच्याच बोलण्यातून हिशेब लागेना. तेव्हा साईं उभे राहिले. चष्मा कपाळावर.

"सबका सुना. आता शेवटचा. हा ऑईलवाला. ढोलाचं पायडल फक्त याला ऐकू आलं. धुतल्यावर तो चिकचिक राहणार नाही, कंपनी पहिले तोच घाण समजून काढणार. ज्यात पायडल बोलेल ती असली. हा बोलेल ते शेवटचं. ठीक आहे?"

पडद्यामागून मुलगा म्हणाला, "काका बोलतील ते मंजूर."

म्हणजे भिंत माझ्या जिभेवर आली. मी कान धुतले, बसलो.

पहिलं लागलं, आणि मला लगेच कळलं की ही रेकॉर्ड आहे. सुईखालची ती बारीक खरखर मी कितीतरी शुक्रवार ऐकलेली. पडदा माझ्यासाठी नव्हताच. गिटार, मग ढोल, आणि त्याच्या आधी बारीक, गोधडीखालून आल्यासारखं, चिक. बरोबर. माझं पायडल. मी मनात म्हटलं, आता दुसऱ्यात नसणारच, पहिलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

दुसरं लागलं. गिटार. मग चिक!

काय सांगू. कानाशी! जसं काही तो गोरा माझ्या समोर बसलाय आणि मी कुपी घेऊन खाली वाकलोय. चिक, ठोका. चिक, ठोका. आणि तेवढंच नाही, मधे एकदा त्याने पाय उचलून परत ठेवला, तेही ऐकू आलं. शेवटी कुणीतरी मोठा श्वास घेतला. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं तो माणूस तिथे बसला होता आणि मी त्याला भिंतीपलीकडून ऐकत होतो.

गाणं संपलं. सगळे माझ्याकडे बघत होते. साईं बघत होते, आणि त्यांचं तोंड आधीच हसत होतं. त्यांना खात्री होती. ‘पहिलं’ एवढा एक शब्द. कुणाला कळणार होतं? मुलाला नाही, मास्तरांना नाही. भिंत राहिली असती, स्टूल राहिलं असतं, माझे शुक्रवार राहिले असते. पण मी कधी कोरड्या बेअरिंगला चांगलं म्हटलेलं नाही, साहेबाच्या भीतीनेसुद्धा नाही. आणि हे तर साईंचं स्टूल. पाय खडूच्या गोलात.

"दुसरं," मी म्हणालो.

मुलाने चादरीआडून डोकं बाहेर काढलं.

"पायडल दोन्हीत आहे. दुसऱ्यात जास्त आहे. काढलं नाही त्यांनी, उलट वरचा धुरळा काढला. साईं, मला माहीत आहे पहिली तुमची रेकॉर्ड आहे. तरी पण दुसरं."

"झूट," साईं म्हणाले.

मी पेटलो. "मी खोटं बोलतो?"

"ऊठ."

मी उठलो. साईंनी माठातलं पाणी घेतलं, कान धुतले, पुसले. आणि पहिल्यांदा, माझ्या बघण्यात पहिल्यांदा, ते स्वतः त्या स्टुलावर बसले. डोळे मिटले. "लगा. दुसरा."

गिटार. साईं दगडासारखे. मग ढोल आला, आणि साईंचा डावा हात वर उडाला. परत. परत उडाला. दर ठोक्याच्या आधी, बरोबर जागेवर. मग ते स्टुलावरून उठले, खडूचे गोल पुसत सगळ्या दुकानात नाचायला लागले. नाचायलाच!

"बोलता है! चिक बोलता है! बहेनजीच्या मशीनसारखा! सुना? सुना तुम लोगों ने? ये सच बोला था! दस साल पहले सच बोला था!"

मुलगा चादर बाजूला करून बाहेर आला. भाभी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. पण मी जागच्या जागी थिजलो होतो.

"साईं," मी म्हणालो, "म्हणजे आधी तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं?"

साईं थांबले. दम लागला होता. "नाही. एक दिन भी नाही. किती वेळा बसलो रात-दिन, नाही आलं. तुझ्या घरी जाऊन आवाज शिकून आलो, तरी नाही."

"मग गावभर सांगत होतात ते?"

"तू बोलला, म्हणून. मैंने सुना नहीं था, भाऊ. माना था."

मला राग यायला पाहिजे होता. दहा वर्षं मी समजत होतो की आम्ही दोघे एकच आवाज ऐकतोय. पण बघा ना, या माणसाने न ऐकलेलं माझ्या शब्दावर सगळ्या बाजाराला सांगितलं, आणि वहीत मात्र खोटं लिहिलं नाही. लोकांचं जे मत स्वतःच्या कानाला पटलं तेच पेनात. बाकी पेन्सिलीत, मग तो जिवाभावाचा माणूस का असेना. माझ्यासारखाच हट्टी म्हातारा.

"भिंत तुझी," साईं मुलाला म्हणाले, त्याच्याकडे न बघताच, रस्त्यात कुणाला बाजूला हो म्हणावं तसं. पैज हरलेला माणूस एवढा खूश मी दुसरा पाहिला नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, घाई नाही, दिवाळीनंतर..." पण ऐकतंय कोण! साईं गल्ल्याचा खण उपसत होते. तळातून माझी निळी रिफिल निघाली. जुन्या पेनात घातली, वही उघडली, माझी ओळ शोधली. पेन चालेना. रिफिल सुकली होती.

"द्या इकडे," मी म्हणालो. सुकलेलं चालू करायचं माझंच काम. दोन्ही तळहातांत धरून रगडली, चांगली गरम होईपर्यंत, मग पुठ्ठ्यावर गोल गोल फिरवली. आधी नुसते ओरखडे, मग निळं आलं.

साईंनी चष्मा नाकावर घेतला आणि उजवीकडून गिरवायला सुरुवात केली. मी शेजारी उभा राहून एकेक अक्षर बघत होतो. भाभींनी पापड पुढे केले. साईंनी मान वर न करता हात आडवा धरला.

"थांब. अभी नहीं. कुरकुर होईल."